शिशाची देवी

आमच्या घराण्याचं आणि झोपेचं कधी जमलंच नाही, असं माझी आई आल्यागेल्याला सांगते. सांगताना तिचा चेहरा असा असतो, की जणू घरात पिढीजात सोनं आहे. वडिलांना झोप नाही, मला लहानपणापासून कमी, आणि माझी मुलगी तर टक्क डोळे उघडे ठेवूनच वाढत होती. "आमच्या रक्तातच नाय झोप," आई म्हणायची आणि विषय संपायचा. मला त्या वाक्याचा फार राग येई. रक्तात नाही म्हणजे काय? झोप काय रेशनवर मिळते, की आमच्या नावाचं कार्डच निघालेलं नाही?

माझं माहेर पालघरकडच्या नवापूरच्या जवळच, समुद्राला लागून. आमच्या बाजूच्या गावांत घराघरांत डायचं काम चालतं. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यात उलटं कोरायचं: फूल, पान, कुयरी, मोर. सोनार त्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि दागिन्याचा आकार उठतो. कुठकुठल्या शहरांतल्या बायका आमच्या पडव्यांत कोरलेली फुलं कानात घालून मिरवतात, आणि आमच्या आईच्या कानात आजही खोट्या कुड्या आहेत. बाबा खिडकीपाशी बैठक घालून, डोळ्याला भिंग लावून बसायचे. त्यांच्या हाताला नाव होतं. विशेषतः देवांच्या टाकांसाठी. टाक म्हणजे देव्हाऱ्यात पुजायची चांदीची छोटी पाटी, तिच्यावर देव उठवलेला. बाबांनी कोरलेल्या देवीच्या नाकातली नथसुद्धा मोत्यामोत्याने मोजून घ्यावी.

पण कोरताना आपण काय कोरलंय हे कळायला ठसा काढून बघावा लागतो, आणि त्यासाठी चांदी कोण देणार? म्हणून शिसं. शिसं स्वस्त आणि मऊ, नखानेही ओरखडा उठतो. शिशाची चकती डायवर ठेवायची, वरून हातोडा मारायचा, उठलेला चेहरा भिंगातून बघायचा. नाक बसकं वाटलं की पुन्हा कोरायला घ्यायचं. दिवसभर काढलेले ठसे संध्याकाळी लोखंडी पळीत घालून शेगडीवर वितळवायचे आणि त्यांच्या पुन्हा चकत्या ओतायच्या. ती शेगडी पडवीतच असे, स्वयंपाकघराच्या दाराशी. आईची आमटी आणि बाबांचं शिसं एकाच वेळी उकळत असायचं.

यात आमच्या घरची एक रीत होती. देवाची डाय पुरी झाली की तिचा शिशातला पहिला ठसा वितळवायचा नाही. देवाला आगीत कसं घालणार? मोर आणि कुयऱ्या बिनदिक्कत पळीत जायच्या, पण देव नाही. तो पहिला ठसा देव्हाऱ्यात जायचा. आमच्या देव्हाऱ्यात शिशाचे गणपती, शिशाचे खंडोबा, शिशाच्या महालक्ष्म्या अशी दाटी झालेली, की मूळच्या देवांना मांडी घालायला जागा उरली नव्हती. आई रोज सगळ्यांना घासूनपुसून गंध लावायची, आणि मग त्याच हाताने तांदळाच्या भाकऱ्या थापायची.

आम्ही भावंडं त्या शिशावरच वाढलो म्हणायला हरकत नाही. भातुकलीतल्या बाहुलीला शिशाचा दागिना, दुकान-दुकान खेळायला शिशाचे पैसे. बाबा दुपारी जेवून आडवे व्हायचे ते झोपेसाठी, पण झोप यायची नाही, आणि मग जे उठायचे ते असे, की आम्ही घर सोडून सुरूच्या बनात पळायचो. पोटात मुरडा यायचा त्यांना. ओवा, काळं मीठ, गरम पाण्याची पिशवी, सगळं व्हायचं. "तापट माणूस, अन्न अंगी लागत नाही," सगळे म्हणायचे. मी बाबांवर गेले आहे असंही म्हणायचे, आणि ते खरं आहे, मला कुणी उगाच उलट बोललेलं खपत नाही.

लग्न होऊन मी बोईसरला आले. नवरा तिथल्या वसाहतीतल्या एका कारखान्यात, पाळ्यांवर. मी पालघरजवळच्या कोळगावला, कचेरीत. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मुलीला ठेवायचं कुठे हा प्रश्न आमच्यापुढे नव्हताच. सकाळी नवरा तिला स्कूटरवरून माझ्या माहेरी पोचवायचा, संध्याकाळी मी घेऊन यायचे. बोईसर ते माहेर, काही लांब नाही. आजोबा तर वाट बघत रस्त्यावरच उभे असायचे. आम्हाला ज्यांनी कधी कडेवर घेतल्याचं मला आठवत नाही, ते बाबा नातीला मांडीत घेऊन काम करायला लागले. एका हाताने तिला धरायचे, दुसऱ्याने शेगडीवरची पळी हलवायचे. तिचा पहिला शब्द "बा" होता, आणि तो माझ्या नवऱ्यासाठी नव्हता, आजोबांसाठी होता. नवरा बिचारा चार दिवस फुगून बसला होता.

ती रांगायला लागली आणि तिची झोप गेली.

मुलं जागवतात, हे मलाही माहीत होतं. पण हे वेगळं होतं. दमलेलं मूल झोपतं, हा जगाचा नियम आहे. आमचं मूल दमायचं आणि जागंच राहायचं. डोळे लाल, मान लुळी, पाय पोटाशी ओढलेले, आणि रडणं असं घोगरं, की शेजारच्या खोलीतली उत्तर प्रदेशची बाई येऊन म्हणाली, "भाभी, नज़र लगी है, मिर्ची उतारो." उतरवल्या. मीठ-मोहरीही ओवाळून टाकली. पोट साफ होईना म्हणून एरंडेल झालं. जेवण तोंडातून बाहेर. बोईसरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग दात येताहेत म्हणाले, मग म्हणाले, "काही मुलं असतातच अशी." असं बोलायला काय जातं? मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, एक दिवस घेऊन जा घरी, मग सांगा असतातच अशी.

तिची झोप गेली तशी आमचीही गेली. कचेरीत मी टेबलावर डोकं ठेवायचे आणि साहेब आले की दचकून उठायचे. नवरा एकदा कारखान्यात उभ्या-उभ्या पेंगला, मशीनवर हात जाता-जाता वाचला. घरी आम्ही दोघं मांजरासारखे एकमेकांवर फिसकारायचो. पण हे आमचं झालं. मला खरी भीती होती ती तिची. झोपेतच मूल वाढतं, असं सगळ्या म्हाताऱ्या म्हणतात. मग ही वाढणार कधी?

बोईसरमध्ये राहणाऱ्या माणसाला कारण शोधायला लांब जावं लागत नाही. वारा फिरला की तो वास येतो, घशात बसतो, डोळे चुरचुरतात. नळाचं पाणी कधी पिवळट येतं. आमच्या बिल्डिंगखाली नवापूरची एक मावशी मासळीची पाटी घेऊन बसते. मुलीचं रडणं ऐकून ती एकदा वर बघत म्हणाली, "कंपन्यांनी आमची मासली खाल्ली बाय, आता पोरांची झोप खातान. तिला आयशीकडं ने. समुद्राची हवा लागली का निजल पोर."

मला ते पटलं. पटलं काय, मी त्याचीच वाट बघत होते. मी आधीपासूनच कारखान्यांवर खार खाऊन होते, आणि नवरा त्यांची बाजू घ्यायचा म्हणून तर जास्तच. "ज्या ताटात खातो," वगैरे तो म्हणायला लागला की मी म्हणायचे, ताटात काय वाढलंय ते बघ आधी. त्यांच्या पापाचा हिशेब त्यांच्याकडे, त्यातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही. पण आमच्या दारातलं भूत त्यांनी पाठवलेलं नव्हतं.

ठरलं. मुलीला पूर्णवेळ आजोळी ठेवायचं, मीही तिथेच राहायचं, तिथूनच कोळगावला ये-जा करायची. सामान टेम्पोत भरताना मला असं वाटत होतं की गंगेत घोडं न्हालं. आगीतून उठून फुफाट्यात चाललोय हे कोण सांगणार होतं?

आईने पहिल्याच दिवशी पोरीच्या उशाखाली अडकित्ता ठेवला. उशाला लोखंड असलं की वाईट स्वप्न पडत नाही, दचकायला होत नाही, हे आमच्याकडे सगळेच मानतात. मी ओरडले. म्हटलं, बोट सापडलं तर? मग आईने विळी आणली! मी कपाळाला हात लावला. तेव्हा बाबा पडवीतून उठून आले. म्हणाले, "धारंचं नको तिला. मी देतू." त्यांनी त्याच आठवड्यात महालक्ष्मीच्या टाकाची नवी डाय पुरी केली होती. तिचा पहिला ठसा त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला नाही. कडा घासून गुळगुळीत केल्या, वर भोक पाडलं, काळ्या दोऱ्यात ओवला. "लोखंड काय न शिसं काय, धातू तो धातू," ते म्हणाले. "आणि ही तर देवी हाय." मग स्वतःच्या हाताने तो दोरा नातीच्या गळ्यात बांधला. दोरा थोडा लांबच झाला. वाढत्या अंगाला असू दे, असं आई म्हणाली.

फार सुंदर होता तो ठसा. रुपयापेक्षा थोडा मोठा. देवीचे डोळे, नथ, कपाळावरचा मळवट, मुकुटाच्या कळ्या, सगळं. मी स्वतः मोबाईलवर त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला होता.

त्यानंतर पावसाळा गेला आणि थंडी आली. समुद्राची हवा भरपूर लागली. मुलगी झोपली नाही. उलट आता तिची दुपारची डुलकीही गेली. आजोबांच्या बैठकीजवळ ती तासन्‌तास बसायची, न खेळता, एका जागी बघत. मध्येच काय व्हायचं कोण जाणे, किंचाळत जमिनीवर डोकं आपटायला लागायची. अंगावरचा रंग उतरला, ओठ पांढुरके झाले. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की ती "बा" म्हणत नाही. कधीपासून म्हणत नाही, ते मला सांगता येईना. आईला विचारलं, तिलाही सांगता येईना. बाबांना सांगता आलं असतं, पण ते मान खाली घालून कोरत राहिले.

मी रजा टाकली आणि मुलीला पालघरला मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. बाई होती, माझ्याच वयाची, जरा खडूस. मला खडूस माणसं आवडतात, ती खोटा दिलासा देत नाहीत. तिने पोट दाबून पाहिलं, पापण्या खाली ओढून पाहिल्या, आणि प्रश्न सुरू केले. घराला नवा रंग दिलाय का? सुरमा घालता का? जुन्या बॅटऱ्यांचं काम कुणी करतं का? मी सगळ्याला नाही म्हटलं आणि वर तिला बोईसरच्या हवेवर व्याख्यान दिलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरात काय काम चालतं?"

"वडील डाय बनवतात."

"कशाच्या?"

"पोलादाच्या," मी म्हटलं, आणि म्हटलं ते खरंच होतं.

तेवढ्यात माझ्या मांडीवर मुलीने सवयीप्रमाणे दोरा ओढला, देवी तोंडात घातली आणि इवल्या दातांनी कुरतडायला लागली. दात येताना ती दिवसभर तेच करायची. आईला त्याचं कौतुक होतं, देवीचा मुका घेते म्हणायची. डॉक्टरीणबाईने हात पुढे करून ती तिच्या तोंडातून काढली, पुसली, उजेडात धरली.

"हे काय आहे?"

मी सांगायला तोंड उघडलं, महालक्ष्मी म्हणून, आणि थांबले. त्या चकतीवर महालक्ष्मी नव्हती. नाक नव्हतं, नथ नव्हती, डोळ्यांच्या जागी दोन पुसट खळगे. मुकुटाची कड तेवढी उरली होती. रोज माझ्या डोळ्यांसमोर ती गळ्यात होती आणि मी पाहिलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं मी सगळ्या बोईसरला वळसा घालून आले होते.

"चेहरा होता याच्यावर," मी म्हटलं. "शिशाची देवी आहे."

 डॉक्टरीणबाईने ती चकती टेबलावर ठेवली, आणि मी पाहत बसले. तो चेहरा कुठे गेला, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मुलीचं रक्त मुंबईला तपासायला गेलं. रिपोर्ट आला तेव्हा आकडा पाहून डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढे सरकली, तेव्हाच मला कळलं. मग तिने सांगितलं, हळूहळू, मला समजेल असं. शिसं अंगात गेलं की शरीर फसतं. त्याला वाटतं हे कॅल्शियमच आहे. हाडांत घर करून बसतं. रक्त फिकं पाडतं, पोटात कळ आणतं, आणि लहान मुलाच्या मेंदूत घुसतं. "झोप याच एका कारणाने गेली, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," ती म्हणाली. "पण शिसं आणि मोडलेली झोप ही जोडी जुनी आहे. मोठ्यांतही दिसते. तुमचे वडील झोपतात का नीट?"

मला हसूच आलं. वाईट हसू. म्हटलं, आमच्या रक्तातच नाही झोप.

घरी आले तेव्हा बाबा बैठकीवर होते, शेगडीवर पळी होती. मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. गावच्या भाषेत बोलले, एवढं सांगते. बारा वर्षं शाळेत आणि तीन वर्षं कॉलेजात कमावलेलं शुद्ध मराठी त्या दिवशी दाराबाहेर गेलं. "तुमी विष बांदलं तिच्या गल्यात," असं काहीतरी ओरडले. शेगडी लाथेने उडवली, वितळलेलं शिसं शेणाने सारवलेल्या जमिनीवर सांडलं आणि बघता बघता घट्ट झालं. शेजारी दारात जमले. आई मध्ये पडली, "बापाला बोलतंस? बापाला?" असं करत. होय, बापाला बोलले. लोक मला नंतर म्हणाले की तू चुकलीस, म्हातारा माणूस, त्याला काय माहीत. मी नाही चुकले. कुणीतरी ओरडायला हवंच होतं त्या घरात, कधीच ओरडायला हवं होतं.

बाबा मात्र ओरडले नाहीत. जन्मभर ज्यांनी किरकोळ गोष्टीवरून घर डोक्यावर घेतलं, ते त्या दिवशी भिंग काढून बसले आणि एवढंच म्हणाले, "मी तिला निजवाया दिली व्हती." मग त्यांनी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. ते हात कायमच करडे. बोटांच्या रेषांत, नखांखाली शिसं कायमचं बसलेलं. आम्ही त्याला कामाचा रंग म्हणायचो.

पुढचे महिने मुंबईच्या हॉस्पिटलात गेले. शिसं बाहेर काढायची औषधं असतात. सगळं निघत नाही, रक्तातलं निघतं, मग हाडांतलं थोडं-थोडं रक्तात उतरतं, मग पुन्हा औषध. सुयांनी तिच्या हातापायांची चाळण झाली. मी तिला धरून ठेवायचे आणि ती माझ्याकडे अशी बघायची, की या सगळ्या डॉक्टरांत तूपण सामील आहेस का. होते मी सामील. करणार काय?

आणि मग एका दुपारी, वॉर्डात पंखा करकरत असताना, कुणी थोपटलं नाही, गाणं म्हटलं नाही, आणि ती झोपली. कुशीवर वळून, तोंड थोडं उघडं ठेवून. चहावाला आला, गेला. शेजारच्या खाटेवरचं मूल रडून थांबलं. ही झोपलेलीच. एवढी वाट बघितलेली झोप, आणि मला ती बघवेना. मी सारखं तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचे. शेवटी नर्स ओरडली, "अहो, झोपू द्या की तिला!" तेव्हा मी तोंडावर पदर घेऊन अशी रडले, की पूर्ण वॉर्डाने ऐकलं असेल.

बाबांचंही रक्त तपासून घेतलं, आईचं, माझंही. बाबांचं पाहून डॉक्टरीणबाई म्हणाली, हा माणूस इतकी वर्षं उभा कसा राहिला. माझ्यातही थोडं निघालं, जुनं, भातुकलीतलं असावं. तेव्हापासून एक विचार मला सोडत नाही. लोक म्हणतात मी बाबांवर गेले, तोच राग, तीच तुटक झोप. पण बाबा म्हणून ज्यांना आम्ही घाबरलो, त्यांच्यातले बाबा किती आणि शिसं किती? आणि माझ्यातली मी किती? हे आता कुणी सांगू शकत नाही. दुपारी न झोपता उठून बसणारा, चिडलेला तो माणूस कदाचित आमचा बाप नव्हताच. खरा बाप वेगळा असता, शांत असता, दुपारी घोरला असता. तो आम्हाला भेटलाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

घरातलं शिसं बाहेर काढायचं ठरलं, तेव्हा देव्हाऱ्याचा प्रश्न आला. ते सगळे पहिले ठसे. वितळवायचे नाहीत, ही रीत. आई म्हणाली, समुद्रात विसर्जन करू. मी म्हटलं, वा, म्हणजे नवापूरच्या मावशीच्या जाळ्यात, तिथून पुन्हा आपल्या ताटात. पुरायचे तर विहिरीचं पाणी आहे. भंगारवाल्याला द्यायचे तर देव विकल्याचं पाप, आणि तो वितळवणार ते वेगळंच. शेवटी सगळे देव एका प्लास्टिकच्या डब्यात भरले, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि माळ्यावर ठेवले. अजून तिथेच आहेत. त्या घरातून शिसं पूर्ण गेलेलं नाही, आणि ते कुठे न्यायचं हे मला आजही कळलेलं नाही.

बाबा आता ठसा काढायला मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती वापरतात. हिरव्या मातीत देवी उठते, गुलाबी मातीत गणपती. गावातले बाकीचे डायवाले हसतात. मातीत शिशासारखी रेघ उठत नाही, असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. काम कमी झालं. शेगडी गेली, जमीन उकरून नवी फरशी घातली. शिसं सांडलं होतं ती जागा आई अजून ओलांडून जाते.

मुलगी आता तीन वर्षांची होईल. आम्ही बोईसरलाच राहतो, त्याच वासात. गंमत बघा, तिथे ती झोपते. अगदी सुरळीत नाही, मध्येच उठून बसते, पण झोपते. चालते, पळते, जिने चढते. बोलणं मात्र मागे आहे. पाणी, मम, नको, आई. "बा" परत आलेला नाही. आठवड्यातून एकदा पालघरला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेते मी तिला. येईल, असं त्या म्हणतात. किती येईल, हे विचारलं की विषय बदलतात.

रविवारी आम्ही माहेरी जातो. बाबा त्या दिवशी काम करत नाहीत. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पडवीच्या टोकाला उभे असतात. मुलगी स्कूटरवरून उतरली की थेट त्यांच्याकडे धावते, आणि ते दोन्ही हात वर करतात. पंजे उघडे, खांद्याच्या वर, आणि एक पाऊल मागे. तिला स्पर्श होऊ नये म्हणून. डॉक्टरीणबाईने त्यांना समोर बसवून सांगितलंय, हात स्वच्छ धुतलेत, कपडे बदललेत, तर घ्या नातीला, काही होत नाही. मी सांगितलं, नवऱ्याने सांगितलं. मी, जिने शेगडी उडवली, तिने त्यांचे हात धरून म्हटलं, घ्या हो बाबा, घ्या तिला. ते हात सोडवून घेतात. "नाय बाय," म्हणतात. "माझ्या हाडात हाय ते."

ती त्यांच्यासमोर थांबते. आधी रडायची, आता रडत नाही. तिला तो खेळ वाटतो. ते हात वर करतात, तीही करते. दोघं तसेच उभे राहतात थोडा वेळ, मग ती कोंबड्यांमागे जाते आणि ते हात खाली घेतात.

मागच्या आठवड्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी तिला घरच्यांचे फोटो दाखवले. आई कोण, विचारलं. तिने माझ्याकडे बोट केलं आणि "आई" म्हणाली. बाबा, विचारलं. फोटोतल्या नवऱ्यावर तिने थाप मारली. मग बाईंनी माझ्या वडिलांचा फोटो पुढे ठेवला आणि विचारलं, हे कोण? मुलीने फोटो नीट पाहिला. ओठ मिटले, उघडले, शब्द आला नाही. मग तिने फोटो खाली ठेवला, दोन्ही हात वर केले, पंजे उघडले आणि एक पाऊल मागे सरकली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं नव्हतं. मी म्हटलं, "बरोबर आहे. ते तिचे आजोबा."